रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग खरंच टाळता येतो का? त्याचा अभ्यास कसा करतात?

तुमचे वडील आयसीयूत असताना त्यांना लघवीचा संसर्ग झाला आणि ‘असं होतंच’ एवढंच उत्तर मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे, आणि हे उत्तर मला अजिबात पटत नाही. सगळे संसर्ग टळत नाहीत हे खरं, पण बरेच टळतात. कुठले टळतील हे मोजल्याशिवाय कळत नाही.

दाखल होताना नसलेला, अंगात मुरतही नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर दिसलेला संसर्ग रुग्णालयातला धरतात. ऑपरेशनच्या जखमेवर मात्र किमान ३० दिवस लक्ष ठेवावं लागतं, म्हणून घरी गेलेल्या रुग्णालाही फोन करून जखमेची चौकशी करायची असते.

नुसती संख्या फसवते. समजा, एका आयसीयूत महिन्यात ४ संसर्ग झाले आणि दुसऱ्यात २. दुसरा चांगला वाटतो. पण पहिल्यात सगळ्या रुग्णांचे मिळून नळीचे १००० दिवस भरले (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक दिवस) आणि दुसऱ्यात २००, तर हजार दिवसांमागे दर निघतो ४ आणि १०. म्हणून रोज ठरलेल्या वेळी वॉर्डात फिरून कुणाला लघवीची नळी आहे, कुणाला सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत घातलेली नळी), कोण व्हेंटिलेटरवर, याची नोंद घ्यायची. काम कंटाळवाणं आहे, पण ही नोंद चुकली तर पुढचं सगळंच चुकतं.

व्हिएन्नातल्या रुग्णालयात १८४७ मध्ये हंगेरियन डॉक्टर सेमेलवाइस यांनीही आधी आकडेच पाहिले. सुईणींच्या प्रसूती विभागापेक्षा डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या विभागात कितीतरी जास्त बाळंतिणी दगावत होत्या. ही मंडळी शवविच्छेदन करून थेट तपासायला येत. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केल्यावर एप्रिलमधलं सुमारे १८ टक्के मृत्यूंचं प्रमाण जूनपर्यंत २ टक्क्यांच्या आसपास आलं.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं. तिथल्या शंभरेक आयसीयूंनी सेंट्रल लाइनसाठी पाच गोष्टी पक्क्या केल्या: हात धुणं, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीनं झाकून स्वतः गाऊन-मास्क घालणं, क्लोरहेक्सिडीननं त्वचा साफ करणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपताच लाइन काढणं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तसंसर्गाचा मध्यक दर (सगळ्या आयसीयूंचे दर ओळीनं लावल्यावर मधोमध येणारा) तीन महिन्यांत लाइनच्या हजार दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवायचा अधिकार नर्सला दिला होता, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत हलगर्जी झाली का, हे एका संसर्गावरून सांगता येणार नाही. पण लघवीच्या नळीत मोठा धोका ती किती दिवस राहते याचाच असतो. पुन्हा कधी वेळ आली तर रोजच्या राउंडला विचारा, ‘ही नळी अजून हवी आहे का?’ तपासायला येणाऱ्यांना हात स्वच्छ करायची आठवण करायलाही संकोचू नका. रुग्णाला क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल (आधीचं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) या जंतूमुळे जुलाब होत असतील तर अल्कोहोलच्या हँडरबवर भागवू नका, साबण-पाणीच वापरा. त्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक कवचातलं रूप, अल्कोहोलनं मरत नाहीत.

आणि संसर्गाचा दर किती, हे रुग्णालयाला जरूर विचारा. जिथे नीट मोजतात, तिथे आकडा सांगता येतो.