पाच वाजेपर्यंत प्रत्येकाची एक कमिट

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही पाच जण बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहोत. कॉलेजातल्या एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) मुलांसाठी रविवारी दिवसभराची ओपन सोर्स, म्हणजे कुणीही वाचावं-बदलावं अशा सॉफ्टवेअरची, कार्यशाळा घ्यायची आहे. सकाळी लिनक्स बसवणं, मग गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), जेवणानंतर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, मग लायसन्स आणि शेवटी कॉन्ट्रिब्यूशन असा बेत आहे. चाळीस जण येतील. लॅबमध्ये वीस कॉम्प्युटर आहेत, बाकीचे स्वतःचा लॅपटॉप आणतील. बहुतेकांनी टर्मिनल, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी, कधी उघडलेलं नाही. एका दिवसात हे बसेल का?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : नाही बसणार, आणि ओढूनताणून बसवूही नका. पायथन काढा. लिनक्स बसवणं वेगळ्या दिवशी ठेवा, कारण एखाद्याच्या लॅपटॉपवरचा डेटा उडाला तर उरलेला दिवस त्यातच जाईल. पाच विषयांची तोंडओळख करून दिली तर घरी जाताना मुलांकडे पाच नवे शब्द असतील, त्यापलीकडे काही नाही. त्यापेक्षा एकच गोष्ट ठरवा. पाच वाजता निघताना प्रत्येकानं दुसऱ्याच्या प्रकल्पात स्वतः एक बदल (गिटच्या भाषेत नोंदवलेला बदल म्हणजे कमिट) करून पाठवलेला असावा, आणि कुणीतरी तो वाचून त्याला उत्तर दिलेलं असावं. बदल एका शब्दाचं शुद्धलेखन सुधारण्याएवढा असला तरी चालेल. अनोळखी माणसाच्या कामात हात घालायची आपल्याला मुभा आहे, हे नवख्या मुलांना भाषणातून पटत नाही. स्वतः केलं की पटतं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, म्हणून बाकी सगळं त्याभोवती आखा.

हा बदल पाठवायचा कुठे, ते मात्र आधी ठरवा. 2020 साली हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधल्या ओपन सोर्स उपक्रमात बक्षिसाच्या टी-शर्टसाठी लोकांनी प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या रीडमी फाइलमध्ये कुठेतरी एखादा शब्द घुसडून पुल रिक्वेस्टचा, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांचा, भडिमार केला होता. स्वतःचा वेळ देऊन प्रकल्प सांभाळणारे लोक इतके वैतागले, की उपक्रम चालू असतानाच आयोजकांना नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पांनी आधी होकार दिलाय, तिथलेच बदल धरायचे. चाळीस जणांना एका दुपारी कुणाच्याही दारात सोडू नका. तुमचाच एक छोटा प्रकल्प उघडा. कॉलेजच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं, खानावळी, बसथांबे, अभ्यासिका यांची साधी वेबसाइट करा, आणि प्रत्येकानं तिच्यात एका जागेची भर घालायची. दर नोंदीची फाइल वेगळी ठेवा. सगळे एकाच यादीच्या तळाशी लिहायला लागले, तर दुसऱ्या-तिसऱ्या माणसापासूनच कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोघांच्या बदलांची टक्कर, सुरू होतील.

तुमच्यातल्या तिघांनी त्या दिवशी फक्त पुल रिक्वेस्ट वाचायच्या. प्रत्येकीत निदान एक खरी सुधारणा मागा : ‘वेळ लिहायची राहिली’, ‘पत्त्यात गल्लीचं नाव हवं’. मुलगा दुरुस्त करून परत पाठवतो, मग ते मर्ज होतं, म्हणजे मूळ प्रकल्पात मिसळतं. हे एक आवर्तन झालं, की पुढे खऱ्या प्रकल्पात कुणी चूक दाखवली तर तो खचत नाही.

आता मुलं कुठे अडतात ते बघा. लिनक्सच्या टर्मिनलवर पासवर्ड टाइप करताना बहुतेक वेळा पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. एका कार्यशाळेत एक मुलगी बराच वेळ तशीच बसून होती, विचारल्यावर हळूच म्हणाली, “कीबोर्ड बिघडलाय वाटतं.” ही गोष्ट आधी सांगा. पुश करताना, म्हणजे आपला बदल वर पाठवताना, गिटहब (गिटचे प्रकल्प ठेवायची साइट) तिथे खात्याचा पासवर्ड घेतच नाही, ऑगस्ट 2021पासून ते बंद आहे. पासवर्डऐवजी टोकन (गिटहबनं बनवून दिलेला लांब संकेत) किंवा एसएसएच की (कॉम्प्युटरवर ठेवलेली किल्लीची फाइल) लागते. विंडोजवर ब्राउझर उघडून लॉगिन होतं, ते सोपं जातं. कमिट करताना संदेश द्यायचा राहिला, तर बऱ्याचदा विम हा टर्मिनलमधला एडिटर उघडतो आणि बाहेर कसं पडायचं ते कळत नाही. एस्केप दाबायचं, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. हे फळ्याच्या कोपऱ्यात सकाळीच लिहून ठेवा, पुसू नका.

लॅबच्या कॉम्प्युटरवर आणखी एक गफलत होते. आधीच्या बॅचमधल्या कुणाचं तरी नाव गिटमध्ये आणि लॉगिन विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (लॉगिन साठवून ठेवायच्या जागी) तसंच राहिलेलं असतं. मग काम एकीचं आणि कमिटवर नाव भलत्याचंच. आदल्या दिवशी वीसही मशीन साफ करा, आणि संध्याकाळी मुलांची लॉगिन काढायला विसरू नका. कमिटमध्ये लिहिलेला ईमेल सगळ्या जगाला दिसतो, हेही सांगा. गिटहबच्या सेटिंगमध्ये खरा पत्ता झाकणारा नोरिप्लाय पत्ता मिळतो. मी प्रत्येकीला तोच घालायला लावते.

गिटहबची खाती घरूनच उघडून यायला सांगा. एकाच वाय-फायवरून लागोपाठ चाळीस खाती उघडायला गेलं, तर ती अडवली जाऊ शकतात. गिटचा इन्स्टॉलर चार-पाच पेन ड्राइव्हवर तयार ठेवा. लॅपटॉपवाल्यांसाठी विजेचाही हिशेब करा : पासष्ट वॅटचे वीस चार्जर म्हणजे तेराशे वॅट, आणि सहा अँपिअरचं साधं सॉकेट तेवढ्यावरच संपतं. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत जाऊ नका, भार दोन-तीन ठिकाणी वाटा. आणि रविवार कशाला? मध्य आणि हार्बर रेल्वेवर मेगाब्लॉक असला, की बदलापूर-पनवेलची मुलं अकराला पोचतात आणि खाती-इन्स्टॉलचा महत्त्वाचा तासच चुकतो. शनिवार घ्या.

मदतनीस पाच जणांमागे एक तरी हवा, म्हणजे तुम्ही पाच जण पुरणार नाही. एसवायची मुलं आणि माजी विद्यार्थी बोलवा. त्यांना एकच नियम सांगा : नवख्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. घाईत ‘सरक जरा, मी करून देतो’ म्हणणारा मदतनीस त्या मुलाचा दिवसच काढून घेतो. संशोधकांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअर कार्पेंट्रीच्या वर्गांत दोन रंगांचे चिकट कागद देतात, ते जरूर उचला. काम झालं की हिरवा आणि अडलं की लाल कागद लॅपटॉपच्या पाठीवर लावायचा. हात वर करायला लाजणारी मुलंही लाल कागद लावतात.

लायसन्सला वीस मिनिटं पुरेत. मुंबईतल्याच ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांचा मुक्ता हा देवनागरी फॉन्ट उदाहरणाला घ्या. ओपन फॉन्ट लायसन्सखाली तो कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा, पण नुसता फॉन्ट विकता येत नाही, आणि बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. मुलं यावर लगेच प्रश्न विचारतात. लिनक्सचं ज्यांना पुढे शिकायचंय, त्यांना पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी पाठ द्या. पाठ छोटे आहेत, बघत बघत सोबत करायचे असतात.

प्रश्न : माझ्याकडे फक्त फोन आहे. अशा कार्यशाळेला जाऊन काही उपयोग होईल का?
— एफवायची विद्यार्थिनी, गोवंडी

उत्तर : नक्की जा. छोटा बदल फोनच्या ब्राउझरमधून, गिटहबवरच फाइल उघडून करता येतो. लिबरऑफिस या ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरची भाषांतरं वेबलेट नावाच्या साइटवर होतात, तीही फोनवर उघडते, आणि चांगलं मराठी येणाऱ्या माणसांची तिथे गरज आहे. अँड्रॉइड फोन असेल तर स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप घे. रस्त्यात उभी असताना ते साधे प्रश्न विचारतं, इथे दिवे आहेत का, दुकान किती वाजता उघडतं, आणि तुझी उत्तरं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशात जातात. कार्यशाळेच्या फॉर्ममध्ये ‘लॅपटॉप नाही’ असं स्पष्ट लिही, म्हणजे लॅबमधला कॉम्प्युटर तुझ्यासाठी ठेवता येईल. कुणाबरोबर जोडीनं बसवलं, तर अर्धा वेळ कीबोर्ड स्वतःकडे मागून घे.