रंग दिसला नाही, म्हणजे पाणी आलंच नाही का?

प्रश्न : नमस्कार, मुलगा डेन्व्हरला असतो, गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिकडून सिल्व्हर्टनला (अमेरिकेतल्या कोलोरॅडोतलं जुनं खाणगाव) फिरून आलो. तिथल्या ओढ्यातले दगड अगदी गंजलेल्या पत्र्यासारखे भगवे झालेत. मुलगा म्हणाला, जुन्या खाणींचं अ‍ॅसिडिक पाणी आहे, आणि ते आतल्या आत कुठून कुठे जातं ते शोधायला हिरवा चमकणारा रंग सोडतात. मग समजा वर रंग टाकला आणि खाली निघालाच नाही, तर दोन खाणी जोडलेल्या नाहीत असं धरायचं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो, इथेच तर भलेभले फसतात. तुम्ही गेलात त्याच भागात गोल्ड किंग खाण आहे. ५ ऑगस्ट २०१५ ला तिच्या तोंडाशी खोदकाम चालू असताना आतलं तुंबलेलं पाणी फुटलं, साधारण ३० लाख गॅलन, आणि अ‍ॅनिमास नदी पिवळी-नारिंगी झाली, फोटो पाहिले असतील. त्याआधी जवळच्या सनीसाइड खाणीचा बोगदा बूच मारून बंद केला होता, त्यानंतर गोल्ड किंगमधून पाणी वाढलं, मग हे पाणी नेमकं कोणाचं यावरून वाद. म्हणजे तुमचा प्रश्न तिथे करोडोंचा आहे.

आता रंगाचं. तो हिरवा रंग म्हणजे युरेनिन, फ्लुओरेसिनचाच सोडियम क्षार, डोळ्यांचे डॉक्टर पट्टीने डोळ्यात लावतात ना, तेच. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदी जिथे जमिनीत गडप होते तिथे १० किलो टाकलं होतं आणि ते साधारण ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्यात निघालं. पण तो चुनखडीचा प्रदेश, पाण्यात आम्ल नाही. खाणीत पायराइटला (लोखंड आणि गंधकाचं खनिज) हवा-पाणी लागून सल्फ्युरिक अ‍ॅसिड बनतं, पीएच ३-४ सहज (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त, ७ म्हणजे साधं पाणी), आणि युरेनिन पूर्ण चमकतं ते ८ च्या वर, साडेसहाच्या आसपास निम्म्यावर येतं, ४ ला तर फारच थोडं उरतं. रंग पाण्यात असतो, फक्त चमकत नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल आणि लिंबू पिळलं की परत पिवळा, तसंच हे, उलट फिरवता येतं. म्हणून नमुना लॅबमध्ये अल्कली घालून मग मोजतात.

पण एवढं सरळ असतं तर काय! त्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं, अल्कली घातली की त्याचा भगवा गाळ बसतो आणि जाताना थोडा रंगही घेऊन जातो. खाणीच्या आतही तोच गाळ भिंतींना चिकटलेला असतो, तिथेही रंग अडकतो, आणि ही चोरी परत मिळत नाही. रोडामाइन डब्ल्यूटी हा लाल रंग पीएच ५ पर्यंत बरा टिकतो, पण गाळाला चिकटायची खोड त्यालाही आहेच. म्हणूनच कोलोरॅडोच्या अशा ओढ्यांत यूएसजीएसच्या (अमेरिकेची सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्था) लोकांनी लिथियम, ब्रोमाइडसारखे क्षार वापरले, डोळ्याला काही दिसत नाही पण अ‍ॅसिडमध्ये टिकतात.

माझं मत विचाराल तर रंग खाणीत ओतायच्या आधी त्याच खाणीचं पाणी आणि थोडा गाळ बाटलीत घ्यावा, रंग घालून अंधारात ठेवावा (उन्हात युरेनिन उडतं) आणि आठवड्याने मोजावं. बाटलीतच गायब झाला तर डोंगरातून बाहेर यायची वाट कशाला बघायची? आणि निघाला तर मात्र जोड आहे हे पक्कं, फक्त रंग टाकायच्या आधीचा नमुना घेऊन ठेवलेला हवा, नाहीतर ती चमक आधीपासूनच होती की काय हा नवा वाद.