वाचक विचारतात : भेगा, वजरी आणि थंडी

थंडी सुरू झाली की हातापायांच्या तक्रारींची पत्रं येऊ लागतात. टाचांचा विषय सगळ्यांचाच जिव्हाळ्याचा, त्यामुळे पहिलं उत्तर जरा लांबलं आहे.

प्रश्न : रोज रात्री टाचांना खोबरेल तेल चोळून झोपते. तरी भेगा भरत नाहीत, उलट चादरीत अडकतात. माझं काय चुकतंय? (गृहिणी, यवतमाळ)

तेल चुकीचं नाही, वेळ चुकते आहे. त्वचा कोरडी पडते ती तिच्यातलं पाणी उडून गेल्यामुळे. तेल पाणी देत नाही, आत असलेलं पाणी अडवून धरतं. दिवसभर वाळलेल्या टाचेवर तेल चोळलं, तर अडवायला आत फारसं काही उरलेलंच नसतं. त्यातून तळहात आणि तळपायांना तैलग्रंथी नसतात. चेहरा स्वतःचं थोडंफार तेल स्वतः तयार करतो, टाचेला ती सोय नाही.

दुसरी गोष्ट कातडीच्या जाडीची. आपण उभे राहिलो की टाचेखालची चरबीची गादी दबून कडेला पसरते. मऊ कातडी तिच्याबरोबर ताणली जाते. जाड, कोरडी कातडी ताणली न जाता तडकते. मागून उघड्या चपला, फरशीवर अनवाणी वावर, ओट्यापाशी तासन् तास उभं राहणं आणि वाढलेलं वजन यांनी ही पसरण वाढते. म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंची जाड कड कमी केल्याशिवाय नुसत्या मलमाने भेग मिटत नाही.

आता क्रम. झोपण्यापूर्वी पाय १० ते १५ मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. पाणी किती कोमट, तर कोपर बुडवल्यावर सुखद वाटेल इतकंच. कढत पाण्याने बरं वाटतं खरं, पण कातडीतला उरलासुरला स्निग्धांशही निघून जातो. पाण्यात मीठ, सोडा, शाम्पू काही नको. मग ओल्या टाचेवर वजरी हलक्या हाताने फिरवा, एका टाचेला मिनिटभर पुरे. वजरी कडेवरून फिरवायची, उघड्या भेगेत घासायची नाही. हे आठवड्यातून दोनदाच. रोज खरवडलं तर घर्षणापासून बचाव म्हणून कातडी आणखी जाड होत जाते. ब्लेडने कड कापणारेही पुष्कळ असतात. एकदा खोल गेलं की आठवडाभर लंगडावं लागतं.

पाय टिपून घ्या, खडखडीत पुसू नका. ओल असतानाच, तीनेक मिनिटांच्या आत क्रीम लावा. औषधाच्या दुकानात युरिया असलेलं क्रीम मिळतं. साध्या कोरडेपणाला १० टक्के, जाड टाचांना २० ते २५ टक्के. युरिया पाणी धरून ठेवतो आणि जाड थर सैलही करतो. भेग ओली किंवा रक्ताळलेली असेल तर मात्र तो चांगलाच झोंबतो. तेव्हा आधी चार-पाच दिवस नुसती पेट्रोलियम जेली भरा. क्रीमवरूनही जेलीचा पातळ थर द्या आणि सुती मोजे घाला. नायलॉनचे नकोत.

प्रमाण असं : तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका हाताला दोन्ही बाजूंनी मिळून एक रेघ, एका पायाला दोन. दोन-तीन आठवडे सलग केल्यावर फरक दिसतो. भेगा बुजल्या म्हणून लगेच थांबू नका, क्रीम थंडी संपेपर्यंत चालू ठेवा.

प्रश्न : दिवसा वीज नसते, म्हणून गव्हाला रात्री पाणी भरावं लागतं. गार पाणी आणि चिखलाने पायांची चाळण झाली आहे. मलम टिकत नाही. (शेतकरी, निफाड तालुका)

तुमच्या पायांचं दुखणं वेगळं आहे. कातडी रात्री भिजून फुगते, सकाळच्या कोरड्या थंडीत झपाट्याने वाळते आणि आक्रसते. रोज हेच चाललं की ती तडकणारच. पाणी भरून आल्यावर मलम लावणं हा अर्धाच उपाय झाला. खरा उपाय बांधावर जाण्याआधी : कोरड्या पायांवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर, विशेषतः टाचांच्या कडांना, मग सुती मोजे आणि गमबूट. गमबुटात घामही साचतो, म्हणून मोज्यांचा दुसरा जोड जवळ असू द्या. घरी आल्यावर साध्या पाण्याने चिखल काढा. कपड्यांच्या साबणाने पाय घासू नका. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, मग पुन्हा जेली.

जेली किंवा तेल माखलेले पाय, मोजे आणि धोतराचे सोगे घेऊन शेकोटीला अगदी खेटून बसू नका. असा माखलेला कपडा पटकन पेट घेतो. आणि उघड्या भेगांत माती-शेण जातं, त्यामुळे धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून बघा. दहा वर्षं उलटली असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन घ्या.

प्रश्न : आजी टाचांना कोकमतेल लावायची. ते खरंच उपयोगी आहे का? घरी मलम करता येईल? (मुंबई, मूळ गाव सिंधुदुर्ग)

उपयोगी आहे. कोकमाच्या बियांचं हे तेल, कोणी मुठेल म्हणतं, कोणी भिरंडेल, थंड झाल्यावर घट्ट गोळा होतं. ते वितळायला ४० अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि थंडीत टाच तेवढी गरम नसते. म्हणून गोळा तसाच घासला तर पांढरे कण वर राहतात, भेगेत काही जात नाही. आजी ते पळीत वितळवून भेगेत सोडत असणार, आणि तेच बरोबर. फक्त आधी मनगटावर थेंब टाकून बघा. तापलेल्या तेलाने टाच भाजल्याचे प्रकार होतात.

मलमासाठी तिळाचं तेल ४० ग्रॅम (मोठे तीन चमचे), मधमाशांचं मेण ८ ग्रॅम आणि कोकमतेल १० ग्रॅम घ्या. मेणबत्तीचं मेण चालणार नाही. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर वाटी धरा, आधी मेण आणि तेल वितळवा, मग कोकमतेल घाला. थेट आचेवर ठेवलं तर तेल करपतं. खाली उतरवल्यावर दाट होईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर मेण कडेने आधी गोठतं आणि मलम गुठळ्यांचं होतं. फार घट्ट झालं तर पुन्हा वितळवून चमचाभर तेल वाढवा. डबी कोरडी हवी. ओलं बोट गेलं की मलमाला बुरशी आलीच म्हणून समजा. हळद घालायचा मोह होतो, पण चादरी पिवळ्या करण्यापलीकडे इथे तिचा विशेष उपयोग नाही.

प्रश्न : डाव्या हाताच्या अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची टोकं फुटतात, सालं निघतात. उजवा हात ठीक आहे. पोळी-भाजीचा व्यवसाय आहे. (पुणे)

तुम्ही लसूण डाव्या हातात धरून सोलता का? पाकळी धरणाऱ्या तीन बोटांचीच टोकं फुटणं ही लसणाच्या ॲलर्जीची ठळक खूण आहे. लसणातला गंधकयुक्त घटक साध्या रबरी हातमोज्यांतूनही आरपार जातो, तेव्हा मोज्यांवर विसंबू नका. महिनाभर लसूण सोलणं-चिरणं दुसऱ्याकडे द्या आणि बोटं बघा. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून, म्हणजे संशयित पदार्थाची पट्टी त्वचेवर चिकटवून, खात्री करून देतात.

भांड्यांसाठी मात्र मोजे जरूर वापरा : आत सुती, वर रबरी, एका वेळी वीसेक मिनिटं. आत घाम साचला तर काढून हात टिपा. अंगठी आधी काढून ठेवा, तिच्याखाली साबण अडकतो. प्रत्येक वेळी हात धुतले की ओलसर हातांवर क्रीम, त्यासाठी ट्यूब बेसिनपाशीच ठेवा.

प्रश्न : खूप पाणी प्यायलं की कोरडेपणा जातो का?

नाही. तहानेपुरतं पाणी पिणाऱ्याने आणखी चार ग्लास रिचवले तर टाचेला त्यातलं काही पोहोचत नाही.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, १५ वर्षांपासून मधुमेह. पायांना भेगा आहेत, पण दुखत नाहीत म्हणतात. (छत्रपती संभाजीनगर)

दुखत नाहीत हीच काळजीची गोष्ट. भेग आहे आणि वेदना नाही, म्हणजे पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. पहिल्या उत्तरातलं पाय भिजवणं आणि वजरी त्यांच्यासाठी नाही. कोमट पाण्याने झटपट धुवा आणि पाणी दुसऱ्याने कोपराने तपासा. बेचक्या टिपून घ्या. क्रीम तळव्यांना आणि टाचांना लावा, बोटांच्या मध्ये नको. कुरुपाच्या पट्ट्या, सॅलिसिलिक ॲसिडची मलमं, गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, अनवाणी चालणं, सगळं बंद. रोज रात्री आरशाने तळवे बघा. नायलॉनच्या बारीक तंतूने पायाची संवेदना तपासतात. दोन मिनिटांची तपासणी आहे, वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. लाली, सूज, पू किंवा भोवताली काळपटपणा दिसला तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.

प्रश्न : दोन्ही तळपाय आणि एकच तळहात कोरडा, पांढरट भुकटी सुटल्यासारखा. तीन हिवाळे क्रीम लावतोय, उन्हाळ्यातही जात नाही. (नागपूर)

दोन पाय आणि एक हात असं दिसलं की बुरशीचा संसर्ग आधी मनात येतो. तळव्यावरची ही बुरशी फारशी खाजत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कोरडेपणा म्हणून खपून जाते. बहुतेकदा पायाला हात लावणाऱ्या हातालाच ती लागते. भुकटी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तपासणी स्वस्त आहे. तोवर दुकानातून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. चार दिवस बरं वाटतं, बुरशी मात्र पसरते आणि नंतर ओळखायलाही अवघड जाते. तपासणीला जाण्याआधी निदान आठवडाभर कुठलंही औषधी मलम लावू नका, आणि पायांची नखं जाड किंवा पिवळी झाली असतील तर तीही दाखवा.