इस्तंबूलला चौघी, याद्या चार

प्रश्न : ताई, आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी ऑक्टोबरमध्ये इस्तंबूलला चाललोय. तिकिटं काढून झाली आणि आता ग्रुपवर रोज वादावादी चालू आहे. एकीला सगळे राजवाडे आणि म्युझियमं बघायचीत, एकीला बाजार, एकीला नुसतं खायचंय, आणि मला वाटतं की तिथली माणसं कशी राहतात हे थोडं तरी कळावं, नुसते फोटो काढून परत यायचं नाहीये. हमामचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक स्नानगृहाचा, विषय काढला की दोघी लाजून गप्प. त्यात मी शाकाहारी. पाच दिवसांत हे सगळं कसं बसवायचं?

उत्तर : अगं, पहिलं म्हणजे चौघींनी दिवसभर एकमेकींना चिकटून फिरायचा हट्ट सोडा. सकाळी एक मोठी जागा सगळ्यांनी मिळून बघायची, दुपारी जिला जिकडे जायचंय तिकडे, संध्याकाळी परत भेटायचं, एवढं ठरलं ना की निम्मे वाद तिथेच मिटतात. तोपकापी राजवाड्यात म्युझियमवालीचे चार तास सहज जातील आणि बाजारवाली अर्ध्या तासात जांभया द्यायला लागेल, कशाला दोघींनी एकमेकींचा दिवस घालवायचा.

वार मात्र बघून ठरवा. तोपकापी मंगळवारी बंद, दोल्माबाहचे राजवाडा सोमवारी बंद, ग्रँड बझार रविवारी बंद, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाला मशिदींत पर्यटकांना सोडत नाहीत. डोकं झाकायला ओढणी बॅगेत असूच दे.

हागिया सोफिया मात्र चौघींनी मिळून बघा. 537 मध्ये चर्च म्हणून बांधून झालं, 1453 मध्ये मशीद झाली, 1935 मध्ये म्युझियम म्हणून उघडलं आणि 2020 पासून परत मशीद आहे. 2024 पासून परदेशी पर्यटकांना वेगळ्या दाराने वरच्या गॅलरीत नेतात, तिकीट सुरुवातीला 25 युरो होतं, महाग आहे पण बघण्यासारखं बरंच वरच आहे. तिथे येशू, मेरी आणि जॉन यांचं एक मोझेक आहे, खालचा बराचसा भाग गळून गेलाय पण चेहरे शाबूत आहेत, त्यांच्यासमोर जरा वेळ थांबा. आणि दक्षिणेकडच्या संगमरवरी कठड्यावर कुणा व्हायकिंगने आपलं नाव खरवडून ठेवलंय, हाल्फदान असं वाचतात ते, म्हणजे ऐतिहासिक वास्तूवर नाव कोरायची खोड किती जुनी बघ!

आता तुझा मुद्दा. माणसं बघायची तर जिथे ती आपापल्या कामाला आलेली असतात तिथे जा ना. सगळ्यात सोपं म्हणजे एमिनोन्यूहून कादिक्यॉयची फेरी, टूरवाल्यांची क्रूझ नव्हे, ऑफिसला जाणारे लोक घेतात ती साधी बोट. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. इस्तंबूलकार्ट, म्हणजे तिथल्या बस-बोटींचं पैसे भरून वापरायचं कार्ड, एकच घेतलं तरी चौघींना चालतं, एकेकीने पुढे व्हायचं आणि कार्ड मागे द्यायचं. बोटीवर चहावाला छोट्या कमरेच्या ग्लासांचा ट्रे घेऊन फिरतो, आणि लोक सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाचे, तुकडे सीगलना टाकत बसतात. संध्याकाळी गर्दीच्या वेळी जा, बसायला जागा मिळणार नाही पण शहर दिसेल. कादिक्यॉयच्या बाजारात खाणारीचं पण काम होऊन जाईल.

हमामचं म्हणशील तर चेम्बेर्लिताशचा हमाम 1584 चा आहे, सिनान या ऑटोमन वास्तुकाराने बांधलेला, तोच ज्याने सुलेमानिये मशीद बांधली. बायकांचा भाग वेगळा असतो आणि अंग चोळणाऱ्याही बायकाच. पेश्तेमाल नावाचं पातळ कापड गुंडाळायला देतात, मधल्या गरम संगमरवरी ओट्यावर पडून राहायचं, मग केसे म्हणजे खरखरीत हातमोज्याने ती बाई अशी घासते की अंगावरून मळाच्या वळकट्या निघतात, आणि त्यावर उशीएवढा साबणाचा फेस. लाजायला वेळच मिळत नाही गं, आणि तिथे कुणाचं कुणाकडे लक्षही नसतं. भरल्या पोटी तेवढं जाऊ नका. ज्या दोघींना नको असेल त्यांना त्या वेळात ग्रँड बझारला पाठवा, चालत जाण्याइतकं जवळ आहे.

शाकाहारीचं फार टेन्शन घेऊ नकोस. मसुराचं सूप, चीज नाहीतर पालक घातलेलं गोझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी), ऑलिव्ह तेलातल्या भाज्या सगळीकडे मिळतात, सकाळचा नाश्ता तर चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, मध यांनी टेबल भरून येतो. फक्त सूप आणि पांढऱ्या बीन्समध्ये कधी कधी मांसाचा रस्सा असतो, तेव्हा 'एत सुयु वार मी?' असं विचारून घे, म्हणजे यात मांसाचं पाणी आहे का.

प्रश्न : बझारमध्ये दुकानदार चहा पाजतात म्हणे. प्यायलो तर घ्यावंच लागतं का?

उत्तर : नाही हो, चहा बिनधास्त प्या, नुसतं बघून निघालात तरी चालतं. पण घ्यायचं नसेल तर आपण होऊन भाव सांगू नका, तुम्ही सांगितलेल्या भावाला तो हो म्हणाला की मग मागे फिरणं बरं दिसत नाही. रस्त्यात एखाद्या बूटपॉलिशवाल्याचा ब्रश तुमच्यासमोर पडला तर उचलून द्यायला धावू नका, तो मुद्दाम पाडलेला असतो, आभार म्हणून बूट पुसतो आणि मग पैसे मागतो. आणि मसाल्यांच्या बाजारात स्वस्त केशर म्हणून जे ढिगाने मांडलेलं असतं ते बहुतेक करडईची फुलं असतात.