विंडोज ११ चढत नाही, मग लॅब भंगारात काढायची का?

प्रश्न : आमच्या शाळेच्या लॅबमधले कॉम्प्युटर जुने आहेत, सगळ्यांवर विंडोज १० आहे. त्याचा सपोर्ट संपला म्हणतात आणि ११ टाकायला गेलं की मशीन नाही म्हणतं. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी असं मला वाटतंय पण बाकीचे शिक्षक आत्ताच नको नको करतायत. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : मॅडम, भंगारात अजिबात काढू नका. विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण नव्या सिक्युरिटी अपडेट येत नाहीत आणि मुलांचे पेनड्राइव्ह दिवसभर लागणाऱ्या मशीनला हे बरं नाही. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेसाठीची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणून तुमचं मशीन नाही म्हणतंय, खराब झालंय म्हणून नाही.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, त्यातल्या मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. २ जीबी रॅमवर चालते, ४ असेल तर छान, आणि खाली मेनू-बिनू विंडोजसारखाच असल्यामुळे शिक्षक फार बिचकत नाहीत. पण लगेच इन्स्टॉल करू नका! पेनड्राइव्हवरून ती नुसती चालवून बघता येते, हार्डडिस्कला हातही लागत नाही, तेव्हा एक दिवस तशी चालवा आणि प्रिंटर, प्रोजेक्टर, वायफाय, आवाज हे सगळं लागतंय का बघा. माझ्या मते घोडं बहुतेक वेळा प्रिंटरवरच अडतं. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालेल, त्यावरून मत बनवू नका.

शिक्षकांची खरी भीती लिनक्सची नसतेच हो, वर्डमध्ये केलेल्या प्रश्नपत्रिकेची असते. लिबरऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवर वर्डच्या जागी वापरायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, ती उघडते, पण फॉन्ट नसला की ओळी सरकतात, तक्ते हलतात, म्हणून छापायला द्यायची ती पीडीएफच करून द्या. जुन्या, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसण्याची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या मराठी फाइली असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर नुसती गिचमिड दिसेल.

गुगलची क्रोमओएस फ्लेक्स ही ऑपरेटिंग सिस्टिमही फुकट आहे, पण त्यात जवळजवळ सगळं काम ब्राउझरमध्ये आणि प्ले स्टोअरची अ‍ॅप चालत नाहीत, त्यामुळे नेट सारखं जात असेल तर नको. पैसे थोडेच असतील तर आधी हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) टाका, जुन्या मशीनला फरक त्यानेच पडतो. आणि शाळेच्या कार्यालयाचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल तर तेवढ्यापुरतं एक विंडोज ११ वालं मशीन ठेवा, बाकी लॅब मिंटवर.