जर्मनीत चौघांच्या वेगेत (सामायिक फ्लॅटमध्ये) शाकाहारी माणसाने काय आधी ठरवून घ्यावं?

पहिलं, भांडी. सामायिक तव्यावर बेकन परतलं जाणारच, त्यावर वाद घालू नका. स्वतःचा एक तवा, एक कढई, सुरी आणि पाट वेगळा ठेवा, फ्रिजचा कप्पाही ठरवून घ्या. वेगळं का ठेवता ते पहिल्याच दिवशी सांगा, सहसा कोणी वाईट वाटून घेत नाही.

खरी भांडणं फोडणीवरून होतात. पॅसेजमधल्या खुंट्यांवर सगळ्यांचे कोट असतात, त्यांना हिंगाचा वास धरतो. धूर संवेदक तिथेच असेल तर तोही बोंबलतो. म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी सताड उघडी, आच मध्यम. नंतर ५-१० मिनिटं हवा खेळू द्या. थंडीत खिडकी तासभर किलकिली ठेवलीत तर हीटिंगचं बिल वाढतं.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता. रविवारी दिवसभर, म्हणून मिक्सर शक्यतो शनिवारीच. काचेच्या बाटल्याही रविवारी टाकायच्या नाहीत.

रेडिओ-टीव्ही शुल्क महिना १८.३६ युरो, पण माणशी नाही, घरटी एकदाच. शुल्काचं पत्र मात्र प्रत्येकाला येऊ शकतं. घरातला जो शुल्क भरतो त्याचा शुल्क-क्रमांक उत्तरात कळवा, बाकीच्यांनी त्याला वाटा द्यावा.