‘आमचा मुलगा हॅकिंगच्या नादाला लागलाय’

समुपदेशक म्हणून पालकांच्या तोंडून हे वाक्य मी हल्ली वरचेवर ऐकते. कुणाच्या मुलीने घरच्या वायफायचा पासवर्ड शोधून काढलेला असतो. कुणाच्या मुलाच्या स्क्रीनवर काळ्या खिडकीत हिरवी अक्षरं पळताना दिसलेली असतात. पोटात गोळा आलेला असतो आणि प्रश्न एकच असतो, हा गुन्हेगार तर होणार नाही ना? एका मुलाच्या निमित्ताने याचं उत्तर जरा सविस्तर द्यायचंय. मुलाची आणि पालकांची परवानगी घेऊन लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा १६ वर्षांचा. पहिल्या भेटीला आई-वडील दोघंच आले. एका रात्री आईने त्याच्या स्क्रीनवर दुसऱ्याच एका मुलीची गुणपत्रिका पाहिली. ही तुझ्याकडे कशी, असं विचारल्यावर तो म्हणाला, “शाळेची साइटच उघडी आहे.” वडिलांनी त्याच रात्री लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं. घरातलं इंटरनेट बंद केलं. तेव्हापासून मुलगा घरात कुणाशी धड बोलत नव्हता. “दार उघडं दिसलं म्हणून कुणी परक्याच्या घरात शिरतं का, मॅडम?” वडील मला विचारत होते. आवाज चढलेला होता, पण ते घाबरलेले होते हे दिसत होतं.

मुलगा आला तेव्हा पहिला बराच वेळ ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ यातच गेला. मग मी त्याच्यापुढे कागद-पेन ठेवलं आणि म्हटलं, “तू नेमकं काय पाहिलंस ते मला समजावून सांग. मला यातलं फार कळत नाही, तेव्हा सावकाश सांग.” त्याने वेबसाइटचा पत्ता लिहिला. निकाल उघडला की पत्त्याच्या शेवटी विद्यार्थ्याचा क्रमांक दिसायचा. त्याने शेवटचा आकडा एकने वाढवला, एंटर दाबलं आणि पुढच्या विद्यार्थ्याचा निकाल समोर आला. एवढंच. “सर्व्हर फक्त लॉगिन झालंय का ते बघतो. समोर आलेला निकाल लॉगिन करणाऱ्याचाच आहे का, ते बघतच नाही,” असं सांगताना त्याने तिथे दोनदा रेघ मारली. ही चूक वेबसाइट बनवणाऱ्यांच्या हातून आजही सर्रास होते. एका मुलाने ती स्वतःच्या स्वतः ओळखली होती आणि त्याच्या घरात हे ऐकायला कुणी नव्हतं.

मग मी विचारलं, “हे कुणाला दाखवलंस?” त्याने पेन खाली ठेवलं. एका ऑनलाइन ग्रुपवर त्याने एक स्क्रीनशॉट टाकला होता. तिथे सगळे टोपणनावांनी वावरतात, खरं कोण ते कुणालाच ठाऊक नसतं. त्यातल्या एकाने लगेच लिहिलं होतं की छोटा प्रोग्राम लिही, सगळ्या मुलांचा डेटा ओढून घे आणि मला पाठव. मुलाने ते केलं नाही. पण करायचा विचार मात्र दोन दिवस डोक्यात होता. का, असं विचारल्यावर म्हणाला, “तिथेच पहिल्यांदा मला कुणीतरी भारी म्हणालं.”

माझ्या मते सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. पालक यंत्राकडे बघत असतात. माझं लक्ष मात्र मुलाच्या कौशल्याला पहिली शाबासकी कुणी दिली याकडे असतं. हॅकिंगचा इतिहास वाचला तरी हेच दिसतं, म्हणून त्या आई-वडिलांना मी तो थोडा सांगितला.

सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या एका विद्यार्थी क्लबपासून होते. हा क्लब खेळण्यातल्या रेल्वेचा होता. काही मुलांना डबे आणि देखावे रंगवण्यात रस होता, तर काहींना टेबलाखालच्या तारा, रिले आणि स्विचच्या जंजाळात. दुसऱ्या गटातली मुलं पुढे कॉम्प्युटरकडे वळली. १९५८ च्या सुमारास टीएक्स-झिरो नावाचा कॉम्प्युटर एमआयटीत आला. जॅक डेनिस हे त्याच क्लबचे जुने सदस्य तोवर तिथे शिकवू लागले होते, त्यांनी या मुलांना त्या यंत्रावर बसू दिलं. मुलं रात्ररात्र जागून प्रोग्राम लिहायची, एकमेकांचे प्रोग्राम सुधारायची आणि उघडपणे वाटायची. १९६२ मध्ये पीडीपी-१ या यंत्रावर स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला, तो याच वातावरणात. या कथेतले जॅक डेनिस मला फार महत्त्वाचे वाटतात. मुलांची खुमखुमी ओळखणारा, त्यांना यंत्र देणारा आणि स्वतः त्यांच्यातलाच असलेला एक मोठा माणूस तिथे होता.

ज्यांना असं यंत्र मिळालं नाही, अशी काही मुलं टेलिफोनच्या जाळ्याशी खेळू लागली. जो एंग्रेसिया नावाच्या अंध मुलाच्या लक्षात आलं की ठरावीक सूर शिट्टीने काढला की लांब पल्ल्याचा कॉल तुटतो. तो सूर २६०० हर्ट्झचा. त्या काळी टेलिफोन कंपनीची यंत्रं एकमेकांना इशारे द्यायला तोच सूर वापरायची, आणि तेही बोलण्याच्याच वाहिनीवरून. जॉन ड्रेपर यांनी खाऊच्या खोक्यात मिळणारी खेळण्यातली शिट्टी तो सूर काढून फुकट कॉल लावण्यासाठी वापरली आणि पुढे तुरुंगवासही भोगला. स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्ज यांनी ॲपल सुरू करण्याआधी असे सूर काढणारे ‘ब्लू बॉक्स’ बनवून विकले होते. कुतूहल जुनंच होतं, पण यंत्र आता दुसऱ्याचं होतं आणि परवानगी कुणाचीच नव्हती.

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या काही तरुण मुलांनी, ज्यांना ‘४१४’ म्हणतात, लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेच्या आणि एका कॅन्सर हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये शिरकाव केला. सोपे, कधीच न बदललेले पासवर्ड त्यांच्या पथ्यावर पडले. वर्तमानपत्रांतून हॅकर म्हणजे धोका हे चित्र त्याच सुमारास ठसलं आणि १९८६ मध्ये अमेरिकेत कॉम्प्युटर गुन्ह्यांचा कडक कायदा आला. त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘मेंटर’ या टोपणनावाच्या तरुणाने अटकेनंतर एक छोटं निवेदन लिहिलं. माझ्याकडे आलेल्या मुलाला ते जवळपास पाठ होतं. मी आईला ते वाचायला सांगितलं. शाळेत कंटाळलेला, मोठ्यांनी न समजून घेतलेला एक मुलगा टेलिफोनच्या तारेतून आपली माणसं शोधतो, हा त्याचा गाभा. त्यातला कायदा मोडल्याचा अभिमान मला मान्य नाही. त्यातलं एकटेपण मात्र खरं आहे.

वडिलांना सर्वांत जास्त भिडली ती रॉबर्ट मॉरिसची गोष्ट. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठाच्या या विद्यार्थ्याने आपोआप पसरणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. एखाद्या यंत्रात प्रोग्राम आधीच असला, तरी दर सात वेळांतून एकदा तो पुन्हा शिरेल अशी रचना त्याने केली होती. त्या हिशेबामुळे यंत्रांवर प्रती साचत गेल्या आणि हजारो कॉम्प्युटर अडकून पडले. मॉरिसचे वडील स्वतः सरकारी संस्थेत कॉम्प्युटर सुरक्षेतले नावाजलेले तज्ज्ञ होते. मुलावर खटला चालला. १९९० मध्ये तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि दहा हजार डॉलरवर दंड अशी शिक्षा झाली. पुढे तोच एमआयटीत प्राध्यापक झाला.

“म्हणजे आमच्यावरही कोर्टाची वेळ येईल?” वडिलांनी विचारलं. मी खोटा दिलासा दिला नाही. दुसऱ्याच्या यंत्रात विनापरवानगी शिरणं बहुतेक देशांत गुन्हा आहे आणि ‘मी काही चोरलं नाही’ एवढ्याने सुटका होईलच असं नाही. चांगलं काम केल्याने मागचं पुसलं जातं असंही नाही. मार्कस हचिन्स या ब्रिटिश तरुणाने मे २०१७ मध्ये जगभर हॉस्पिटलं ठप्प करणाऱ्या ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा फैलाव रोखला. तीनच महिन्यांत त्याला अमेरिकेत अटक झाली, कारण कोवळ्या वयात त्याने बँक खात्यांवर डल्ला मारणारा प्रोग्राम लिहिला होता. त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी त्याला आणखी तुरुंगात पाठवलं नाही, पण दोन वर्षं त्या मुलाने काय भोगलं असेल याची कल्पना करवत नाही.

म्हणून आम्ही आधी वकिलाला गाठलं. शाळेला कळवणं योग्यच होतं, पण चूक दाखवणाऱ्यावरच तक्रार करणाऱ्या संस्थाही असतात. वकिलांच्या सल्ल्याने पत्र तयार झालं. काय दिसलं, कोणत्या तारखेला, कसं, एवढंच त्यात होतं. इतर मुलांची माहिती जोडलेली नव्हती, ‘दुरुस्त करा नाहीतर जाहीर करू’ अशी भाषा नव्हती आणि बक्षिसाची मागणीही नव्हती. मजकूर मुलाने लिहिला, सही वडिलांनी केली. मधल्या काळात त्याने ते पान पुन्हा उघडायचं नाही, हेही ठरलं. ग्रुपवरचा स्क्रीनशॉट त्याने काढून टाकला आणि तो टाकला होता हेही पत्रात लिहिलं. या ओळीला त्याचा हात सर्वांत जास्त अडला.

शाळेने बोलावून चांगलंच सुनावलं, लेखी हमी घेतली आणि काही दिवसांनी साइट दुरुस्त केली. आभाराचा शब्द कुणी काढला नाही. मुलगा दुखावला. मला विचाराल तर ती शाळेची चूक होती. घरात मात्र वडील त्याला म्हणाले, “पत्र नीट लिहिलंस.” माझ्या लेखी त्या वाक्याचं मोल फार होतं.

लॅपटॉप परत मिळाला. तो काढून घेतल्याने कुतूहल थांबत नाही, मूल मित्राच्या फोनवर जातं आणि घराला काही कळेनासं होतं. नियम थोडेच ठेवले. यंत्र कुणाचं आहे आणि परवानगी कुणी दिली, याचं उत्तर कुठलाही प्रयोग करण्याआधी देता आलं पाहिजे. सरावासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेली यंत्रं मिळतात, अशा यंत्रांत लपवलेली खूण शोधून काढायच्या ‘कॅप्चर द फ्लॅग’ नावाच्या स्पर्धा असतात. लास व्हेगासला १९९३ पासून भरणाऱ्या डेफकॉन या हॅकरांच्या संमेलनात तर त्या स्पर्धेला मोठा मान आहे. तिथेही ‘भारी’ म्हणणारे भेटतात आणि ते चोरी करायला सांगत नाहीत.

खरी काळजी कधी करायची, हेही सांगते. मुलाकडे हिशेब न लागणारे पैसे किंवा वस्तू येऊ लागल्या, खेळातल्या भांडणातून दुसऱ्याचा सर्व्हर पाडायची भाषा सुरू झाली, किंवा ऑनलाइन ओळखीच्या कुणाची त्याला भीती वाटू लागली, तर थांबू नका. २०१६ मध्ये इंटरनेट हादरवणारं ‘मिराई’ हे प्रोग्रामरूपी हत्यार बनवणारे तिघे तरुण माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरवरच्या चढाओढीतूनच तिथवर पोहोचले होते. मुलाला कुणी धमकावत असेल तर रागावणं बाजूला ठेवा, पुरावे जपा आणि पोलिसांकडे जा.

“मला यातलं काहीच कळत नाही, मी काय लक्ष ठेवणार?” आईचा हा प्रश्न शेवटपर्यंत होता. मी तिला म्हटलं, लक्ष ठेवू नका, शेजारी बसा आणि विचारा. आपल्या साइटमधल्या चुका शोधणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या कंपन्या असतात. अशा एका उपक्रमात मुलाला भाग घ्यायचा होता आणि १८ वर्षांखालच्यांना पालकांची संमती लागत होती. आईने सही करण्याआधी नियमांचं अख्खं पान वाचून काढलं. कुठल्या साइट तपासायच्या आणि कुठल्यांना हात लावायचा नाही याची तिथे यादी होती. मुलाने जिथून सुरुवात करायची ठरवली होती ते लॉगिनचं पान मनाईच्या यादीत होतं, आणि ते त्याच्या आधी आईच्या नजरेला पडलं.